डी कुठली, ई कुठली? दुसऱ्या हार्ड डिस्कचा इतिहास

आजच्या भागाची सुरुवात एका गुन्ह्याच्या कबुलीनं करतो. गुन्हा माझाच. तेव्हा वय वर्षं तेरा. हत्यार म्हणाल तर कीबोर्डवरची दोन बटणं: वाय आणि एंटर.

गोष्ट १९९९ ची. विट्यात आमच्या बाबांचं डीटीपीचं छोटं दुकान होतं. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, मंडळांच्या स्मरणिका, असली कामं चालायची. एकच कॉम्प्युटर, त्यात विंडोज ९८ आणि २.१ जीबीची एक हार्ड डिस्क. आज तेवढ्या जागेत धड एक सिनेमा मावत नाही, पण तेव्हा ती मोठी वाटायची. त्या डिस्कचे दोन भाग केले होते. सी मध्ये विंडोज, डी मध्ये सगळं काम. श्रीलिपी, पेजमेकरच्या फाइली, बॉर्डरी, गणपतीची चित्रं, सगळं.

दिवाळीच्या तोंडावर जागा संपली. बाबांनी ४.३ जीबीची दुसरी डिस्क आणली. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक दादा आला, त्यानं केबल जोडली, एफडिस्क नावाचा प्रोग्रॅम चालवून नव्या डिस्कवर पार्टिशन पाडलं, मशीन बंद करून परत चालू केलं. तेवढ्यात त्याला दुसरीकडून बोलावणं आलं. जाता जाता मला म्हणाला, "सी आणि डी तर आहेतच. नवीन ई आली. फॉरमॅट ई कोलन मार, की झालं."

मी मारलं. स्क्रीनवर इशारा आला की ई वरचा सगळा डेटा जाईल, पुढे जाऊ का? नव्या डिस्कवर कुठला आलाय डेटा, असं म्हणून मी वाय दाबलं. फॉरमॅट सुरू झालं तेव्हा स्क्रीनवर एक आकडाही आला होता, एक हजार आणि वर काही मेगाबाइट. नवी डिस्क चार हजारांच्या वरची होती. तो आकडा मी वाचला, पण त्याचा अर्थ लावला नाही.

संपल्यावर डी उघडायला गेलो, तर मशीन म्हणे ही डिस्क वाचता येत नाही. ई उघडली, तर रिकामी. म्हणजे जिला मी नवी समजून फॉरमॅट केलं होतं, ती आमची जुनी डी होती. रातोरात तिचं नाव ई झालं होतं आणि नवी डिस्क डी होऊन बसली होती.

हे कसं झालं? त्याचं उत्तर मला बऱ्याच वर्षांनी मिळालं, आणि ते शोधताना एक मोठा इतिहास हाती लागला. आज तोच सांगतो. त्यात तीन शब्द सारखे येतील: जोडणं, फॉरमॅट करणं आणि माउंट करणं. आपण हे सगळं एकच समजतो. पण ही तीन वेगळी कामं आहेत, आणि चौथी गोष्ट, जिच्यामुळे सगळे घोटाळे होतात, ती म्हणजे डिस्कचं नाव.

चला, १९५६ मध्ये जाऊ. कॅलिफोर्नियातल्या सॅन होझे गावात आयबीएमची एक प्रयोगशाळा होती. तिथं रेनॉल्ड जॉन्सन यांच्या टीमनं जगातली पहिली हार्ड डिस्क तयार केली. रॅमॅक नावाच्या कॉम्प्युटरचा तो भाग. एकावर एक अशा ५० तबकड्या, प्रत्येकीचा व्यास दोन फूट, सगळ्या प्रकरणाचं वजन जवळपास एक टन. आणि मावायचं किती? ५० लाख अक्षरं. तुमच्या मोबाइलवरचा एखादा बऱ्यापैकी फोटो त्यात बसणार नाही.

पण तेव्हा "कुठली डिस्क?" हा प्रश्नच नव्हता. एवढं मोठं धूड एका खोलीत उभं आहे, त्याला ओळखायला नाव कशाला लागतंय!

नाव लागायला लागलं १९६२ पासून. त्या वर्षी आयबीएमनं १३११ नावाचा ड्राइव्ह आणला. तो साधारण वॉशिंग मशीनच्या आकाराचा. वरचं झाकण उघडायचं आणि आतला तबकड्यांचा गठ्ठा उचलून बाहेर काढायचा. त्याला डिस्क पॅक म्हणायचे. सहा तबकड्या, वजन साडेचार किलोच्या आसपास, मावायची २० लाख अक्षरं. म्हणजे एकच यंत्र, पण गठ्ठे कितीही. सकाळी पगाराचा गठ्ठा, दुपारी गोदामाचा.

आणि इथं आपला आजचा शब्द भेटतो. मशीनरूममध्ये ऑपरेटर असायचे. त्यांनी कपाटातून टेपचं रीळ किंवा डिस्कचा गठ्ठा काढायचा, यंत्राजवळ न्यायचा आणि वर चढवायचा. या चढवण्याला म्हणायचे माउंट करणं. अक्षरशः हातानं, घाम गाळून. म्हणून गठ्ठ्यावर चिठ्ठी चिकटवलेली असायची, कारण कपाटातले सगळे गठ्ठे दिसायला सारखेच. हे चिठ्ठीचं लक्षात ठेवा, आपण शेवटी तिच्याकडे परत येणार आहोत.

आता १९७१. अमेरिकेतल्याच बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची युनिक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टिम घडवत होते. तुमच्या अँड्रॉइड फोनमधलं लिनक्स आणि आयफोनची सिस्टिम, दोन्ही याच घराण्यातली. ३ नोव्हेंबर १९७१ अशी तारीख असलेलं युनिक्सचं पहिलं मॅन्युअल आजही वाचायला मिळतं. त्यात माउंट आहे, माउंट काढून टाकणारी कमांड आहे आणि कोऱ्या डिस्कवर फाइल सिस्टिम तयार करणारी एमकेएफएस ही कमांडसुद्धा आहे. आज लिनक्सवर दुसरी डिस्क लावताना आपण हीच नावं टाइप करतो. पन्नासहून जास्त वर्षं झाली!

युनिक्सवाल्यांनी काय केलं, तर माउंट या शब्दाचा अर्थच पुढे नेला. गठ्ठा यंत्रावर चढवणं हे झालं शरीराचं काम. पण त्यानंतर त्या गठ्ठ्यातल्या फाइली कुठं दिसायच्या? त्यांचं म्हणणं असं की, फाइलींचं झाड एकच असेल. दुसरी डिस्क आली, तर तिचं वेगळं झाड लावायचं नाही. आहे त्या झाडाच्या एका टोकाला ती बांधायची.

कोकणात आंब्याचं कलम बांधलेलं पाहिलंय ना? खाली खुंट रायवळचा, वर फांदी हापूसची. बांधल्यावर बघणाऱ्याला एकच झाड दिसतं. युनिक्समधलं माउंट म्हणजे हे कलम. वापरणाऱ्याला कळतही नाही की अमक्या फोल्डरच्या पुढे दुसरी डिस्क सुरू झाली.

याची एक खूण आजही लिनक्स आणि मॅकमध्ये आहे. तिथं यूएसआर नावाचं एक फोल्डर असतं. हे यूएसआर म्हणजे यूजर. पण आत बघाल तर यूजरच्या फाइली नसतातच, सिस्टिमचे प्रोग्रॅम असतात! कारण साधं आहे. बेल लॅब्जमध्ये सिस्टिम होती एका छोट्या डिस्कवर, आणि लोकांच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर, जी यूएसआरच्या जागी माउंट केलेली असायची. पुढे छोट्या डिस्कवरची जागा संपली, तेव्हा सिस्टिमचेच काही प्रोग्रॅम दुसऱ्या डिस्कवर हलवले. घर भरलं म्हणून धान्याची पोती पाहुण्यांच्या खोलीत ठेवावीत, तसं. पाहुणे नंतर दुसरीकडे राहायला गेले, पोती तिथंच राहिली, आणि खोलीचं नावही तेच राहिलं.

बरं, डिस्क काढण्याआधी माउंट उतरवायचं कशासाठी? कारण सिस्टिम प्रत्येक अक्षर लगेच डिस्कवर लिहीत नाही. ते आधी मेमरीत साठवते आणि सवडीनं लिहिते, म्हणजे काम पटापट होतं. तुम्ही मधेच डिस्क उपटली तर अर्धवट लिहिलेलं तसंच राहतं. पेनड्राइव्ह काढण्याआधी "इजेक्ट करा" म्हणतात ते यामुळेच. जुन्या अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये "अनमाउंट एसडी कार्ड" असं स्पष्ट लिहिलेलं असायचं. मशीनरूमच्या ऑपरेटरचा शब्द थेट तुमच्या खिशात!

आता दुसरं घराणं बघू, कारण आमचा घात तिथं झाला. सत्तरच्या दशकात गॅरी किल्डॉल यांनी छोट्या कॉम्प्युटरसाठी सीपीएम नावाची सिस्टिम लिहिली. तिथं एकच झाड वगैरे भानगड नव्हती. पहिला फ्लॉपी ड्राइव्ह ए, दुसरा बी. सोपं काम. मायक्रोसॉफ्टच्या डॉसनं तीच पद्धत उचलली. १९८३ च्या मार्चमध्ये आयबीएमनं पीसी एक्सटी आणला, त्यात १० एमबीची हार्ड डिस्क होती. ए आणि बी फ्लॉपीकडे होतेच, म्हणून हार्ड डिस्कला मिळालं पुढचं अक्षर, सी. आजही विंडोजमध्ये सी पासून सुरुवात होते ती यामुळे. फ्लॉपी गेली, तिची राखीव जागा राहिली.

याच सुमाराला पार्टिशनची पद्धतही आली. डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटच्या तुकड्यात एक छोटा तक्ता ठेवायचा, त्यात चारच ओळी. एका डिस्कचे चार मुख्य भाग, त्याहून जास्त नाहीत. तुकडे मोजायला जो आकडा ठेवला होता तो असा की साधारण २ टीबीच्या पुढे मोजणीच होत नाही. १० एमबीच्या जमान्यात कोणाला वाटलं असणार की ही अडचण येईल! म्हणून आज मोठी डिस्क लावताना जीपीटी नावाचा नवा तक्ता निवडतात. त्यात साधारणपणे १२८ भागांची सोय असते.

आता आमचा घोटाळा. डॉस आणि विंडोज ९८ अक्षरं कशी वाटायचे, नीट ऐका. आधी प्रत्येक डिस्कवरच्या मुख्य पार्टिशनला अक्षर द्यायचं. मग पहिल्या डिस्कपासून सुरुवात करून आतल्या उपभागांना. आमच्या जुन्या डिस्कवर सी मुख्य होती आणि डी उपभाग. नवी डिस्क आली, तिच्यावर दादानं मुख्य पार्टिशन पाडलं. मशीन परत चालू झालं तेव्हा वाटप पहिल्यापासून झालं. पहिल्या डिस्कचं मुख्य पार्टिशन सी. दुसऱ्या डिस्कचं मुख्य पार्टिशन डी. आणि आमचा बिचारा जुना उपभाग मागं ढकलला जाऊन ई!

म्हणजे दादा खोटं बोलला नव्हता. मशीननंही चूक केली नव्हती. चूक आमच्या समजुतीत होती. आम्हाला वाटत होतं की डी हे त्या डिस्कचं नाव आहे. ते नाव नव्हतंच, तो रांगेतला नंबर होता. एसटीच्या रांगेत तुम्ही तिसरे उभे असता. पुढे कोणी घुसलं की चौथे होता. तुम्ही बदललेले नसता.

ही चूक फक्त विट्यातल्या तेरा वर्षांच्या पोरानंच केली असं समजू नका. १९९१ मध्ये हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्स नावाचा विद्यार्थी स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत होता. ते लिहायला तो मिनिक्स नावाची दुसरी सिस्टिम वापरायचा. एकदा त्याला मोडेमवरून फोन लावायचा होता. डायल करायच्या कमांड त्यानं चुकून मोडेमऐवजी हार्ड डिस्कच्या नावावर पाठवल्या. डिस्कनं निमूटपणे त्या लिहून घेतल्या आणि मिनिक्सचं पार्टिशन खलास झालं. त्यानं ते परत बसवण्याऐवजी स्वतःच्याच सिस्टिमवर राहायचं ठरवलं. ती सिस्टिम म्हणजे लिनक्स.

त्याच्या चुकीतून लिनक्स पुढे गेलं. आमच्या चुकीतून काय झालं, ते सांगायचं राहिलंय.

ग्राहकांच्या कामांची हस्तलिखितं दुकानात होती. बाबा, काका आणि मी रात्री जागून सगळं परत टाइप केलं. मी वाचायचो, ते बडवायचे. स्मरणिका वेळेवर छापून गेली. ज्याचा कागद होता ते सगळं परत आलं. कागद नव्हता अशी एकच गोष्ट डी वर होती. आमच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या. तिला लिहिता येत नव्हतं. दुपारी दुकानात काम नसलं की ती म्हणायची आणि बाबा थेट मशीनवर उतरवून घ्यायचे. ऐंशीच्या वर झाल्या होत्या. प्रिंट काढायची राहून गेली होती.

बाबांनी तिला परत म्हणायला बसवलं. तीसेक आठवल्या. मग ती थांबली आणि म्हणाली, "जातं फिरल्याबिगर कुठनं येतीया वो वी?" घरातलं जातं कधीच परसात पडलं होतं.

आणि आता या इतिहासातला मला सगळ्यात जास्त लागलेला भाग. फॉरमॅट म्हणजे नक्की काय, हे मी खूप नंतर वाचलं.

फॉरमॅट या एका शब्दात दोन कामं लपलीत. ऐंशीच्या दशकात नवी डिस्क आणली की आधी तिच्यावर रेघा आखाव्या लागायच्या, कुठं कुठला तुकडा सुरू होतो ते. ते खालचं फॉरमॅट. पुढे आयडीई डिस्क आल्या आणि ते काम कारखान्यातच व्हायला लागलं. आपण घरी करतो ते वरचं फॉरमॅट, म्हणजे फाइलींची यादी तयार करणं. कुठली फाइल कुठल्या तुकड्यात आहे, त्याची नोंदवही.

शेताच्या भाषेत सांगतो. पार्टिशन म्हणजे बांध घालणं. फाइल सिस्टिम म्हणजे तलाठ्याकडचं सातबाऱ्याचं दप्तर. विंडोज ९८ चं फॉरमॅट ते दप्तर कोरं करायचं, आणि रानातून एक चक्कर मारून जमीन ठीक आहे ना एवढं बघायचं. पण रानातला ऊस? तो उभाच असायचा. कागदावर मालक नाही, एवढंच.

म्हणजे त्या संध्याकाळी मी वाय दाबल्यावर ओव्या पुसल्या गेल्या नव्हत्या. त्या तिथंच होत्या. नोंद गेली होती, अक्षरं नव्हती. त्या क्षणी मशीन बंद करून डिस्क बाजूला ठेवली असती, तर योग्य प्रोग्रॅम वापरून बरंचसं परत मिळण्याची शक्यता होती. पण आम्ही काय केलं? त्याच रात्री श्रीलिपी, पेजमेकर, चित्रं, बॉर्डरी, सगळं त्याच ई वर परत टाकलं. मग पुढचे दहा दिवस तिथंच स्मरणिका टाइप केली. ओव्या फॉरमॅटनं नाही घालवल्या. त्यानंतरच्या आमच्या घाईनं घालवल्या.

म्हणून एक गोष्ट कानात ठेवा. चुकून फॉरमॅट झालं तर त्या डिस्कवर एक अक्षरही लिहू नका, ताबडतोब बाजूला ठेवा. आणि हेही ऐका, की आता तेवढी संधीही राहिलेली नाही. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट केलं की ते डिस्कवर खरोखर शून्यं लिहितं. एसएसडी असेल तर झटपट फॉरमॅटनंतरही सिस्टिम तिला कळवते की हे तुकडे आता मोकळे, आणि ती आतल्या आत साफसफाई करून टाकते. ऊसही जातो.

मग जगानं या नावाच्या घोळातून काय धडा घेतला? विंडोज २००० पासून, एकदा दिलेलं अक्षर सिस्टिम लक्षात ठेवते, दर वेळी नव्यानं वाटत नाही. लिनक्समध्ये डिस्कना एसडीए, एसडीबी अशी नावं मिळतात, आणि तीही सापडण्याच्या क्रमानंच. आज एसडीबी असलेली डिस्क उद्या एसडीसी होऊ शकते. म्हणून तिथं कायमच्या माउंटसाठी यूयूआयडी वापरतात. फॉरमॅट करताना फाइल सिस्टिमला मिळणारी ही लांबलचक ओळख. डिस्क कुठल्याही केबलला लावा, कुठल्याही क्रमानं लावा, ही बदलत नाही. मात्र परत फॉरमॅट केलंत तर नवी मिळते. मोबाइलमध्येही एसडी कार्ड टाकलं की काही फोन विचारतात, नुसतं बाहेरचं कार्ड म्हणून वापरू, की फोनचाच भाग करू? दुसरा पर्याय निवडला की कार्ड फॉरमॅट होतं आणि त्या फोनशीच बांधलं जातं. घाईत निवडू नका.

मागच्या आठवड्यात मी माझ्या कॉम्प्युटरला दुसरी डिस्क लावली. आपल्या या कार्यक्रमाची रेकॉर्डिंग मावेनात म्हणून. तेव्हा काय केलं ते सांगतो, म्हणजे तुम्हालाही उपयोग होईल. आधी बाहेरून जोडलेल्या बाकीच्या सगळ्या डिस्क काढून ठेवल्या. जी चुकून पुसायची नाही, ती जोडलेलीच नको. मग स्क्रीनवर अक्षर न बघता आकार आणि कंपनीचा मॉडेल नंबर बघितला, आणि डिस्कवर छापलेल्या नंबराशी ताडून पाहिला. मग जीपीटी तक्ता, मग एकच पार्टिशन, मग फॉरमॅट. त्याच वेळी लेबल दिलं. विंडोजच्या काळ्या खिडकीतून फॉरमॅट चालवलं आणि डिस्कला आधीचं लेबल असेल, तर मशीन ते लेबल टाइप करायला लावतं. बरोबर टाइप केलं तरच पुढे जातं. आमच्या त्या डी ला आम्ही कधी लेबलच दिलं नव्हतं.

लिनक्सवाल्यांनी शेवटी एक करा. एफस्टॅब फाइलमध्ये ओळ लिहाल तेव्हा यूयूआयडी वापरा आणि नोफेल हा शब्द घाला. नाहीतर उद्या ती डिस्क जोडलेली नसली, तर मशीन सुरू होतानाच अडकून बसेल.

एवढं सगळं झाल्यावर मी वहीचं पान फाडलं, छोटी पट्टी कापली, पेननं तिच्यावर नाव लिहिलं आणि चिकटपट्टीनं डिस्कवर चिकटवली. १९६२ मधला ऑपरेटर करायचा तसंच. आणि पहिल्यांदा त्या डिस्कवर जी फाइल टाकली, तिची आधी प्रिंट काढली. आजीच्या तीस ओव्या. दोन पानंसुद्धा भरली नाहीत.

आज एवढंच. तुमच्या घरात ज्याची एकच प्रत आहे असं काय आहे, ते आज बघा आणि तिची दुसरी प्रत करा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!